डिस्क बर्न झाली, पण प्लेअर वाचेना: माझा अनुभव

दोन तासांची एमपी-फोर फाइल कॉम्प्युटरवर झकास चालत होती. रिकाम्या डीव्हीडीवर टाकली, बर्न पूर्ण झाल्याचा संदेशही आला, पण टीव्हीच्या प्लेअरने डिस्क ओळखलीच नाही. अशा वेळी लगेच दुसरी डिस्क घालण्याचा मोह होतो. त्याऐवजी मी तीच डिस्क कॉम्प्युटरमध्ये उघडून पाहिली. आत नुसती एमपी-फोर फाइल! म्हणजे बर्निंग बिनचूक होतं; मी डेटा डिस्क बनवली होती, व्हिडिओ डीव्हीडी नव्हे.

साध्या प्लेअरला ‘व्हिडिओ_टीएस’ हे फोल्डर लागतं आणि त्यात आयएफओ (मेनू आणि क्रमाची माहिती), बीयूपी (तिचीच जादा प्रत), व्हीओबी (खुद्द चित्र आणि आवाज) फाइली. चित्र एमपेग-२ या व्हिडिओ-स्वरूपात, पॅलसाठी (आपल्याकडची टीव्ही पद्धत) ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. माझ्या फाइलचा आवाज ४४.१ होता. नुसतं एक्स्टेन्शन बदलून यातलं काहीच साधत नाही. आधी एनकोडिंग (चित्र-आवाज या स्वरूपात बदलणं), मग ऑथरिंग (त्यातून डीव्हीडीचं फोल्डर रचणं). एनकोडिंगला मी एफएफएमपेग या प्रोग्रॅमचं ‘पॅल-डीव्हीडी’ टार्गेट (तयार सेटिंग) घेतलं, ऑथरिंगला डीव्हीडीऑथर हा प्रोग्रॅम.

इथे आकाराने अडवलं. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, ते दशमान पद्धतीने. विंडोज तीच जागा ४.३८ दाखवतं. या टार्गेटमध्ये चित्राला ६००० आणि आवाजाला ४४८ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट, म्हणजेच बिटरेट) आधीच ठरलेले असतात, म्हणजे दोन तासांना सुमारे ५.८ जीबी. मावणार कसं? उलटा हिशेब केला: ४.७ अब्ज बाइट गुणिले ८, भागिले ७२०० सेकंद, म्हणजे सगळं मिळून जेमतेम ५२०० केबीपीएस. आवाजाला १९२ दिले, पॅकिंगसाठी थोडी जागा सोडली आणि चित्र ४७०० वर बसवलं, टू-पास पद्धतीने (आधी पूर्ण व्हिडिओ तपासून मग एनकोड). छोट्या व्हिडिओला बिटरेट वाढवायला हरकत नाही, पण चित्राची मर्यादा ९८०० आहे. त्यापुढे गेलं की प्लेअर अडखळतो.

आवाज हळूहळू मागे पडू लागला, तर बर्नरला दोष देऊ नका. मोबाइलच्या रेकॉर्डिंगचा फ्रेमरेट अनेकदा कमीजास्त होत असतो. मी आधी तो एकसमान करून घेतला, मगच डीव्हीडीचं एनकोडिंग.

तयार आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) बर्न करण्याआधी व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट तपासला. यात एकही डिस्क खर्च होत नाही. पेनड्राइव्हची फाइल सिस्टिम (फाइली साठवण्याची पद्धत) एफएटी-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी आयएसओ त्यावर कॉपीच होत नाही, हेही लक्षात असू द्या.

बर्न करताना ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ आली. लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला लेसरची ताकद आजमावून पाहतो. तिथेच जमलं नाही की ही एरर येते. कारणं बहुधा दोन: ड्राइव्हला न मानवणारी डिस्क किंवा मळलेली लेन्स. मी दुसऱ्या बनावटीची डिस्क घातली आणि काम झालं.

तरीही चित्र शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत गोठत होतं. जागा नेमकी शेवटची, म्हणून वेगावर संशय गेला. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि १६ एक्सचा (मूळ वेगाच्या सोळापट) पूर्ण वेग बाहेरच्या कडेलाच गाठला जातो, त्यामुळे चुका तिथेच साचतात. ८ एक्सवर उतरलो आणि गोठणं थांबलं. मात्र वेग जितका कमी तितकं चांगलं, हा समज खरा नाही. वेगवान लेखनासाठी बनवलेल्या डिस्कवर अगदी मंद वेगाने उलट खराब लिहिलं जाऊ शकतं. ४ ते ८ एक्स मला बरे वाटतात.

इमेजबर्न या बर्निंगच्या प्रोग्रॅममध्ये ‘व्हेरिफाय’ (लिहिलेलं परत वाचून पाहणं) चालू ठेवलं. पण ती तपासणी लिहिणाऱ्या ड्राइव्हचीच असते, दुसऱ्या प्लेअरची हमी तिच्यात नाही. फाइलींपासून डिस्क बनवताना फाइल सिस्टिम यूडीएफ १.०२ आणि आयएसओ ९६६०, दोन्ही निवडा, आणि डिस्क फायनलाइझ करा, म्हणजे लेखन कायमचं बंद करा. चाचणीला रीरायटेबल डिस्क सोयीची, पण ती प्रकाश कमी परावर्तित करते, म्हणून जुने प्लेअर ती नाकारतात. तिथे नापास झाली म्हणून ऑथरिंग चुकलं असं धरू नका.

डिस्कवर कागदी स्टिकरही लावू नका. तोल जातो, फिरताना डिस्क थरथरते आणि पुन्हा तीच कड वाचता येत नाही. मऊ टोकाचा मार्कर पुरतो.