तुम्ही विचारलंत म्हणून : हजेरीपट आधी, गुणपत्रिका नंतर

“एखादी विद्यार्थिनी नर्सिंग सोडण्याच्या विचारात आहे हे तुम्हाला कसे कळते, आणि तिला तुम्ही कसे थांबवता?” नव्याने शिकवू लागलेल्या सहकारी मला हे वारंवार विचारतात.

कळते ते हजेरीपटावरून, आणि त्यातही वर्गाच्या नव्हे, वॉर्डाच्या. व्याख्यान न चुकवणारी मुलगी एकाच वॉर्डाच्या ड्युटीला पुन्हा पुन्हा आजारी पडू लागली, तर मी तिला त्याच आठवड्यात भेटते. निकालाची वाट पाहिली, तर तिचा निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो.

विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती सामावला जातो यावर त्याचे टिकणे अवलंबून असते, असे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडले. नर्सिंगमध्ये मात्र सामावून जाण्याच्या जागा दोन असतात : वर्ग आणि वॉर्ड. युरोपीय संघाच्या नियमांनुसार या शिक्षणाचे किमान ४६०० तास असतात आणि त्यांपैकी निदान निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. म्हणजे अर्धे शिक्षण अशा ठिकाणी होते, जिथे काही आठवड्यांनी वॉर्ड बदलतो आणि विद्यार्थिनीची ओळख बहुतेकदा “ती स्टुडंट” एवढीच राहते.

म्हणून मी “अभ्यास कसा चालला आहे?” असे विचारत नाही, “वॉर्डात तुला नावाने कोण हाक मारते?” असे विचारते. या प्रश्नावर एक विद्यार्थिनी बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “मॅडम, माझ्या हातून कोणाला चुकीचा डोस गेला तर?” एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध असेल, तर ७५ मिलिग्रॅमसाठी दीड मिलिलिटर घ्यायचे, हे तिला कागदावर येत होते, रुग्णासमोर उभे राहिल्यावर सुचत नव्हते. तिला समुपदेशनाच्या माहितीपत्रकाचा उपयोग नव्हता. रोज शेजारी उभे राहून तिचे गणित तपासणारी एक अनुभवी परिचारिका हवी होती, आणि ती मिळवून देणे हे माझे काम होते.

काहींची अडचण याहून साधी असते : घरी लहान मूल असते आणि रात्रपाळीचे वेळापत्रक आदल्या आठवड्यात हाती पडते. ते महिनाभर आधी देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

थांबवण्याबद्दल म्हणाल, तर मी कोणालाही अडवून धरत नाही. जिला हे काम मनापासून नको आहे, तिला अपराधी वाटू न देता निरोप द्यावा. जिला केवळ श्वास घ्यायला वेळ हवा आहे, तिच्या रजेच्या अर्जावर परतण्याची तारीख आणि संपर्कासाठी एका शिक्षिकेचे नाव मी आवर्जून लिहून घेते, आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधी फोन आपल्याकडून जाईल असे पाहते.