ओठांकडे कोण बघतं?

म्हापशात एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून मला आता सहा वर्षं होतील, आणि खरं सांगते, त्यातली चार-पाच वर्षं मी पेशंटच्या ओठांकडे नीट बघितलंच नव्हतं. सगळं लक्ष आत, सक्शन (थुंकी ओढून घेणारी नळी) कुठे धरायचं, डॉक्टरांना आता कुठली फाईल (दाताची नळी साफ करायची बारीक सुई) लागणार.

मग माझीच खालची दाढ किडली. रूट कॅनल दुसरीकडे करून घेतली (रोजच्या डॉक्टरांपुढे तोंड वासायला लाज वाटली, हसू नका). एसी फुल, तासभर तोंड उघडं, एका बाजूला सक्शनची नळी, दुसऱ्या बाजूने आरशाने गाल ओढलेला, मधेच हवेचा फवारा, आणि ग्लोव्ह सुक्या ओठाला चिकटून खसकन ओढला जायचा. सांगणार कसं? 'आं आं' केलं की दुखतंय का विचारतात आणि परत इंजेक्शनची तयारी! घरी आले तेव्हा ओठ बधिर, काही कळलं नाही. रात्री बधिरपणा उतरला, हुमण-शिताचा (माशाचं कालवण-भात) पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणीच आलं, उजव्या कोपऱ्यात ही एवढी चीर.

ओठांना घामाच्या ग्रंथी नसतात, बाकी कातडीसारखं तेलही सुटत नाही, वरचा थर पातळ. त्यामुळे लगेच सुकतात. जिभेने ओले करावेत तर ती थुंकी उडून जाते आणि उलट जास्तच कोरडे पडतात.

आता मी पेशंटच्या गळ्यात बिब बांधलं की आधी गॉजवर थोडं व्हॅसलिन घेऊन दोन्ही कोपऱ्यांपर्यंत लावते. डबीत बोट घालायचं नाही हं, काडीने काढायचं. फक्त लेटेक्सचे ग्लोव्ह किंवा रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा) असेल तर व्हॅसलिन नको, रबर कमजोर होतं, तिथे पाण्यात विरघळणारी जेल. आमच्याकडे ग्लोव्ह नायट्राईलचे आहेत, त्यात लेटेक्स नसतं, म्हणून बरंय. फिलिंग असेल तर अगदी पातळ हात, कारण तो चिकटपणा दातावर गेला की फिलिंग नीट धरत नाही आणि मग डॉक्टर माझ्याकडे बघतात. गालातला कापूस पण सुका ओढायचा नाही, पाण्याने भिजवून काढायचा, नाहीतर आतलं सालपट निघतं.

तुम्ही पेशंट असाल तर तोंड उघडण्याआधीच मागा, नंतर बोलता येत नाही. ओठावर तापाचे फोड आले असतील तर तेही आधी सांगा, डॉक्टर पुढची तारीख देतील. आणि लहान मुलांना बधिर ओठ चावू देऊ नका, त्यांना ती गंमत वाटते, बधिरपणा गेल्यावर रडारड.

गेल्या शुक्रवारी बाजार करून पेडण्याचे एक आजोबा आले, दाढ काढायला. मी व्हॅसलिन पुढे केलं तर म्हणाले, "बाय, ते नको गो, माझ्याकडे आसा." खिशातून कागदाची पुडी काढली, आत कोकमाच्या तेलाचा पिवळट गोळा, आमची आजी भेगांना लावायची तसाच. मी चिमटीभर खरवडून गॉजवर घेणार, तोवर त्यांनी अख्खा गोळाच ओठांवरून दोनदा फिरवला, पुडी बांधून खिशात टाकली, खुर्चीत आडवे झाले.

"आता काडा, डॉक्टर."