बॅरी हॅरिस यांचा आठवा स्वर, आपल्या पेटीवर

मोडल जॅझ, म्हणजे एकेका थाटासारख्या स्वरसमूहावर बेतलेलं जॅझ, म्हटलं की ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचं १९५९ सालचं काम सगळ्यांना आठवतं. त्यामागचा विचार अमेरिकन संगीतकार जॉर्ज रसेल यांनी १९५३ मध्येच शास्त्र म्हणून मांडला होता, हे मात्र कितीतरी क्लासमध्ये सांगतच नाहीत. सा पासून पंचमा-पंचमाने चढत जा: सा, प, रे, ध, ग, नी आणि सातवा तीव्र म. झाला की कल्याण थाट! मेजर कॉर्डचं (एकत्र वाजवलेल्या सा-ग-प चं) घर हेच, असं रसेल यांचं म्हणणं. यमन मात्र त्यात शोधू नका. चलनाशिवाय, म्हणजे स्वरांच्या ठरलेल्या चालीशिवाय, राग कसला?

हार्मोनियमवादक रामभाऊ विजापुरे मास्तरांच्या बेळगावात पेटीवर हात बसलेल्यांना त्याहून जवळचे वाटतील ते डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय पियानोवादक बॅरी हॅरिस (१९२९–२०२१). त्यांनी आयुष्यभर समोर बसवून, तोंडी शिकवलं, आणि म्हणूनच बहुधा त्यांच्या शास्त्राला छापील अभ्यासक्रमात एखाद्या क्लृप्तीइतकीच जागा मिळते. हा अन्याय आहे. ते बीबॉप या वेगवान जॅझ शैलीचं अख्खं व्याकरण आहे, आणि पेटीवर लगेच पडताळता येतं.

पांढरी एकला सा धरा. शुद्ध सप्तकात प आणि ध यांच्यामध्ये कोमल ध, म्हणजे काळी चार, घाला. स्वर आठ झाले. आता एकाआड एक उचला: सा-ग-प-ध हे घर, जिथे कान विसावतो; रे-म-कोमल ध-नी ही ओढ, जी घराकडे खेचते. चारही बोटं प्रत्येक वेळी या आठातल्या पुढच्या स्वरावर सरकवा. तिसऱ्या पायरीला ग-प-ध-सां येतं, म्हणजे पुन्हा घर. चौथ्या पायरीला म-कोमल ध-नी-रें, पुन्हा ओढ. आठ वेळा सरकून वरच्या सा वर पोचाल तेव्हा हाताखाली घरच असेल. कोमल ध गाळलात तर स्वर सात, विषम. मग घर-ओढ हा क्रम सप्तकात बसतच नाही.

खर्जाचा (खालच्या सप्तकाचे सूर उघडणारा) स्टॉपर आणि कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर चार सुरांचा नुसता गलका होतो. हवाही जास्त लागते. भाता आखूड पण सतत मारा. दाब कमी पडला की खालचे सूर उशिरा बोलतात आणि कॉर्ड फाटतो.

उतरताना तर याचं मर्म कानालाच कळतं. तीनतालाच्या एका विभागात (चार मात्रांत) दुगुनीने, म्हणजे मात्रेला दोन स्वर, वाजवा: सां नी, ध कोमल ध, प म, ग रे, आणि पुढच्या विभागाच्या पहिल्या मात्रेवर सा. मात्रांवर पडले सां, ध, प, ग, म्हणजे घराचेच स्वर. तेच कोमल ध वगळून वाजवा: सां नी, ध प, म ग, रे सा. म आणि रे मात्रेवर आले, प-ग मात्रांच्या मध्ये गेले आणि सा अर्धी मात्रा आधीच येऊन बसला. लय चुकत नाही, तरी तान लटकी वाटते ती यामुळेच.

हे हातात बसलं की ग च्या जागी कोमल ग (काळी दोन) घ्या. बाकी सगळं तेच; मायनरचं घर सा-कोमल ग-प-ध.