तुम्ही विचारलंत म्हणून : सरकी, तूर आणि जगाची भूक

मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू कपाशी करतो हे कळले की पाहुणे हमखास विचारतात, जनुकीय बदल केलेले अन्न खावे का आणि त्यावाचून वाढत्या जगाचे पोट भरेल का?

खाण्याचे म्हणाल, तर ते आपण खातच आहोत. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कपाशीला, २००२ मध्ये परवानगी मिळाली ती कापडाचे पीक म्हणून; परंतु जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर उरलेल्या सरकीचे तेल माणसांच्या स्वयंपाकात जाते आणि ढेप आमच्या गोठ्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ च्या अहवालात अशा पिकांपासून आरोग्याला जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा आढळला नाही असे म्हटले आणि त्याच अहवालात, तिथल्या उत्पादनवाढीचा वेग या पिकांमुळे वाढल्याचेही दिसत नाही, असे नोंदवले. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या जात नाहीत, याचे मला वाईट वाटते.

बीटीचे जनुक मातीतल्या एका जिवाणूचे. त्यामुळे तयार होणारे प्रथिन खाऊन अळी मरते. पहिली काही वर्षे हिरव्या बोंडअळीसाठीच्या माझ्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या. पाकिटासोबत साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी येत असे. ती शेताच्या कडेने लावायची होती, कारण साध्या झाडांवर वाढलेल्या पतंगांचे बीटीला दाद न देणाऱ्या पतंगांशी मिलन झाले, तर अळीची प्रतिकारशक्ती सावकाश पसरते. आम्ही बहुतेकांनी ती लावली नाही, मीसुद्धा नाही. शिवाय ओलिताची सोय असलेल्यांनी मार्चपर्यंत फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झालेली कपाशी न उपटता पुढे राखली, आणि गुलाबी बोंडअळीला वर्षभर घर मिळाले. २०१७ मध्ये शेतोशेती डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, दिसल्या, बोंडे आतून सडली आणि त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. मरणारे बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर होते. बियाण्याची चर्चा मी त्यांना वगळून करू शकत नाही.

भुकेचा प्रश्न निराळा आहे. २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०८० च्या दशकात ती सुमारे १,०३० कोटींवर जाईल, त्यामुळे धान्य वाढवावेच लागेल. मात्र मेळघाटात कुपोषणाने मुले दगावत होती तेव्हा राज्याच्या बाजारात धान्य होते. ते विकत घेण्याइतकी मजुरी त्या घरांत नव्हती.

म्हणून माझा विरोध तंत्राला नाही. बीटी वांग्याला आपल्याकडे २०१० मध्ये स्थगिती मिळाली, बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली आणि तेथील सरकारी संस्थेने दिलेल्या वाणांचे बी शेतकऱ्यांना घरी राखता येते. आपल्याकडे बीटी आले ते मुख्यतः संकरित वाणांतून, ज्यांचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. मला हवी आहे ती बीटी तूर, कारण तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीपुढे आम्ही दरवर्षी हतबल होतो. कृषी विद्यापीठाने सरळ वाणात, म्हणजे ज्याचे बी घरी राखता येते अशा वाणात, पुरेशा चाचण्या घेऊन तसे बियाणे दिले आणि त्यासोबत कडेने लावायची साधी तूरही दिली, तर ती पुडी या वेळी मी पहिल्या दिवशी पेरीन.