काटा सहावर का थांबला

(माजी विद्यार्थिनी, बारावी विज्ञान, १९८७)

१९८६ चा एप्रिल. अकरावीची परीक्षा आटोपली होती आणि बारावीचे जादा तास सकाळी सातला सुरू व्हायचे, कारण अकरानंतर वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत बसणं शक्यच नव्हतं. आमच्या टेबलावर सहा सेलची नऊ व्होल्टची बॅटरी होती, एक लाख ओमचा रोध होता, १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता (विद्युतभार साठवणारा; भौतिकशास्त्राच्या सरांनी स्वतःच्या पैशानं नागपुरातल्या बर्डीवरून आणलेला) आणि व्होल्टेज मोजायला काट्याचा एक मल्टिमीटर होता. घड्याळ माझ्या हातात, आकडे लिहायला मैत्रीण. रोध आणि धारिता (कंडेन्सरची भार साठवायची क्षमता) यांचा गुणाकार १०० सेकंद येतो. तेवढ्या वेळात कंडेन्सर ६३ टक्के, म्हणजे ५.७ व्होल्टपर्यंत भरायला हवा, आणि पुढे हळूहळू नऊला टेकायला हवा. शंभराव्या सेकंदाला काटा जेमतेम साडेचारवर होता. सहा-सात मिनिटांनी तो सहाच्या थोडा अलीकडे, ५.८ वर थांबला, तो थांबलाच.

"सेल उतरले असतील, सर."

सरांनी मीटर थेट बॅटरीला लावला. नऊ.

"मग कंडेन्सर खराब असेल."

त्यांनी काही न बोलता ४७० मायक्रोफॅरडचा दुसरा कंडेन्सर दिला. काटा दुप्पट वेगानं चढला आणि पुन्हा सहाच्या आसपासच येऊन बसला.

"वेळ बदलली न?" सर म्हणाले. "मग सहा काहून नाही बदलले? उद्या सांगा."

त्या दिवशी मी घरी कशी गेले ते मला आठवत नाही, पण हा प्रश्न बरोबर नेला हे पक्कं आठवतं.

आमच्या वर्गातली बहुतेक मुलं-मुली दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीत आलं आणि आमच्यापैकी अनेकांना वाटू लागलं की आपल्याला डोकंच नाही. डिफरन्शियल इक्वेशन हे शब्द आम्ही नुसते पाठ केले होते. मराठीत त्याला अवकल समीकरण म्हणतात, हेही सरांनीच सांगितलं. पण त्यांनी खरं काम केलं ते वेगळंच. ते समीकरण फळ्यावर लिहून आमच्याकडून मराठीत वाक्यासारखं मोठ्यानं वाचून घ्यायचे. "कंडेन्सरचा व्होल्टेज किती वेगानं वाढतो? जेवढं भरायचं बाकी आहे, तेवढ्या वेगानं." एवढंच ते वाक्य. सुरुवातीला सगळंच बाकी, म्हणून वेग जास्त. भरत आलं की बाकी कमी, म्हणून वेगही कमी. आलेखाचा तो वाकत जाणारा उतार सूत्रातून येत नाही, या वाक्यातून येतो. सूत्र नंतरचं, हे मला तेव्हा कळलं. हे वाक्य मी त्यानंतर शेकडो वेळा शिकाऊ इंजिनिअरांना सांगितलं आहे, सरांच्याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी उत्तर कुणालाच आलं नव्हतं. सरांनी विचारलं, "या परिपथात काय काय जोडलं आहे ते मोजा."

बॅटरी, रोध, कंडेन्सर.

"आणि?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मैत्रीण हळूच म्हणाली, "मीटर?"

मीटरच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं: प्रति व्होल्ट २०,००० ओम. आम्ही १० व्होल्टच्या रेंजवर होतो, म्हणजे मीटरचा स्वतःचा रोध दोन लाख ओम. वर्षभर आम्ही त्याला नुसता बघणारा समजत होतो, आणि तो कंडेन्सरच्या दोन टोकांना लागून सतत प्रवाह पीत होता. सरांनी कूलरचा दाखला दिला. वरच्या पिंपातून बारीक नळीनं कूलरच्या टाकीत पाणी सोडलं आहे आणि टाकीच्या बुडाला छिद्र आहे. टाकी पिंपाच्या पातळीपर्यंत कधीच भरणार नाही. येणारं आणि गळणारं पाणी सारखं झालं की पातळी तिथंच थांबेल. टाकी रुंद असो की अरुंद, थांबायची जागा तीच. फक्त तिथं पोचायचा वेळ बदलेल.

मग समीकरण नव्यानं लिहिलं. रोधातून येणारा प्रवाह म्हणजे नऊ वजा कंडेन्सरचा व्होल्टेज, भागिले एक लाख. त्यातून मीटरमधून जाणारा वजा करायचा: व्होल्टेज भागिले दोन लाख. उरेल तेवढाच कंडेन्सर भरण्याच्या कामी येतो. काटा थांबला म्हणजे बदलाचा वेग शून्य. धारिता त्या वेगालाच गुणलेली असल्यामुळे तिचं पदच निघून जातं. उरतात दोन रोध, आणि नऊ व्होल्ट त्यांच्यात एकास दोन असे वाटले जातात. सहा! कंडेन्सर बदलूनही सहा का बदलले नव्हते, ते एका ओळीत समोर होतं. वेळेचा आकडाही १०० सेकंदांवरून ६७ वर आला. आणि पहिल्या दहा सेकंदांत आमचे आकडे पुस्तकाशी का जुळत होते, हेही उलगडलं: कंडेन्सर रिकामा असताना मीटरला प्यायला काही नसतंच.

त्या क्षणाचा आनंद मी अजून कशाशी ताडून बघू शकलेले नाही. चूक सापडल्याचा तो नव्हता. चुकीचा आकडा सहाच का आला, पाच किंवा सात का नाही, हे कागदावर आधीच लिहिलेलं होतं आणि आम्ही ते वाचायला शिकलो होतो.

सरांनी लगेच पुढचं काम दिलं. "आता मीटर कंडेन्सरवरून काढून रोधावर लावा. पण काय दिसेल ते आधी लिहा, मगच जोडा." आम्ही लिहिलं: काटा नऊपासून सुरू होऊन शून्याकडे उतरेल, ६७ सेकंदांनी ३.३ वर असेल, आणि कंडेन्सर या खेपेला जवळजवळ पूर्ण नऊपर्यंत भरेल, कारण आता मीटर गळती न राहता दुसरी नळी झाला आहे. जोडलं. थोडा वेळ जास्त लागला (असे कंडेन्सर छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी सहज कमीजास्त भरतात), पण चाल तीच.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खोफची गोष्टही त्याच आठवड्यातली. त्यानं परिपथांचे नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो विद्यार्थीच होता, एकवीस वर्षांचा. "तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा," असं सर म्हणाले आणि आम्ही सगळे उगाच ताठ बसलो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसननं १८५३ मध्ये कंडेन्सरच्या परिपथात तारेचं वेटोळंही धरून दाखवलं की रोध पुरेसा कमी असेल तर विद्युतभार नुसता उतरत नाही, झोके घेत उतरतो. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं आणि याचं समीकरण एकच. वजनाच्या जागी वेटोळं, घर्षणाच्या जागी रोध. आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झ लावायला ३०० पिकोफॅरडच्या कंडेन्सरला किती मोठं वेटोळं हवं, हे आम्ही त्या सुट्टीत काढलं. साधारण २५० मायक्रोहेन्री. घरच्या रेडिओचं बटण फिरवताना त्यानंतर मला आतला गँग कंडेन्सर (बटणाबरोबर धारिता बदलणारा) फिरताना दिसायचा.

पुढे मी इलेक्ट्रिकल शाखेला गेले आणि नोकरीची बहुतेक वर्षं संरक्षक रिले, म्हणजे बिघाड ओळखून वाहिनी तोडायला लावणारी उपकरणं, तपासण्यात घालवली. वाहिनीवर शॉर्ट सर्किट झालं की प्रवाह एका बाजूला कलून उसळतो आणि तो कल हळूहळू ओसरतो. ओसरण्याचं वाक्य तेच: जेवढं उरलं, तेवढ्या वेगानं. कंडेन्सरऐवजी इथं वाहिनीचं प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला अडवायचा गुण) असतं, आणि शंभर सेकंदांऐवजी पन्नासेक मिलिसेकंद. एका उपकेंद्रात रिले उशिरा काम करत होता आणि सगळे रिलेलाच दोष देत होते. मी हिशेबाचा कागद मागवला. त्यात करंट ट्रान्सफॉर्मर (वाहिनीतला मोठा प्रवाह लहान करून रिलेला देणारा) होता, रिले होता, दोघांमधली केबल नव्हती. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार किलोमीटरला साधारण साडेसात ओम भरते. दोनशे मीटर जाऊन परत यायचं म्हणजे तीन ओम, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्त. ते तीन ओम ओढताना ट्रान्सफॉर्मर संपृक्त होत होता, म्हणजे खरा प्रवाह रिलेपर्यंत पोचवू शकत नव्हता. "काय काय जोडलं आहे ते मोजा," असं मी म्हणाले, आणि म्हणताना आवाज माझा नव्हता.

जर्नल मी जपून ठेवलं आहे. त्या आलेखाखाली सरांनी लाल शाईनं 'बरोबर' असं लिहिलेलं नाही. लिहिलं आहे: "हिशेबात ६. काट्यावर ५.८. ०.२ कुठे गेले?"

५.८ धरलं तर रोधातून ३२ मायक्रोअँपिअर येतात आणि मीटर २९ घेतो. उरलेले ३? मैत्रीण म्हणाली, कंडेन्सर स्वतःच आतून गळत असेल. मी म्हणाले, मीटरच तेवढा चुकत असेल. या मीटरला तेवढी चूक माफ असते. दोघींची तक्रार सरांकडे गेली. गळती खरी असेल तर कंडेन्सरचा आतला रोध एकोणीस लाख ओमच्या आसपास येतो, म्हणजे तो एकटा पडून राहिला तरी अर्ध्या तासात साडेतीन व्होल्टच्या जवळपास उतरायला हवा. मीटर चुकत असेल तर तो नऊवरच राहील.

"भरून मोकळा ठेवा," सर म्हणाले. "तारा सोडवा. अन् डबा खाऊन या."

आम्ही डबा खाल्ला, म्हणजे मैत्रिणीनं खाल्ला. अर्ध्या तासानं वर आलो. सरांनी मीटरची टोकं माझ्या हातात दिली. टेकवली. काटा चारच्या जवळ उठला आणि मीटर प्यायला लागल्याबरोबर हळूहळू खाली येऊ लागला.