वाहतं पाणी, थांबलेला झोका: क्लबातल्या 'गती' महिन्याच्या नोंदी

या वेळी आमच्या फोटोग्राफी क्लबाचा विषय होता 'गती', आणि अट एकच: प्रत्येक फोटोखाली शटरस्पीड, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं होतं तो आकडा, लिहायचाच. त्या एका अटीनं चर्चेचा नूरच पालटला. एरवी 'मस्त', 'रंग छान आलेत' एवढ्यावर थांबणारी मंडळी आकडा दिसताच विचारू लागली, हाच का घेतला, निम्मा केला असता तर काय उरलं असतं? त्या बोलण्यातून आणि माझ्या प्रयोगांतून जे पक्कं झालं ते इथे लिहून ठेवते.

सगळ्यात जास्त बोलणं पाण्यावर झालं. एका काकांनी एकाच ओढ्याचे तीन फोटो ओळीनं मांडले होते: १/१००० सेकंद, १/४ सेकंद आणि ३० सेकंद. पहिल्यात थेंब न् थेंब सुटा. दुसऱ्यात पाण्याचे धागे, दगडाला वळसा घालून कुठून कुठे गेले ते नजरेनं धरता येतील असे. तिसऱ्यात पाणी उरलंच नाही, नुसतं धुकं. बहुतेकांना तिसरा आवडला. मला दुसरा, आणि मी अजूनही त्यावर ठाम आहे. ३० सेकंदांत त्या ओढ्याचा स्वभाव पुसला जातो. तो खळाळत होता की संथ होता, कुठे आपटत होता, काहीच कळत नाही. १/४ ते १/२ सेकंदात प्रवाहाची दिशा शिल्लक राहते. अर्थात हा आकडा सगळीकडे चालणार नाही. जोरात कोसळणाऱ्या धारेला १/१५ सुद्धा पुरतो, आणि आपण जितके जवळ किंवा लेन्स जितकी लांब, तितके धागे लवकर पसरतात. एका एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर उघडं असेपर्यंत, पाणी फ्रेमचा किती भाग ओलांडतं, हिशेब त्याचा असतो.

३० सेकंदांसाठी काकांनी दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोरची प्रकाश अडवणारी काळी काच, लावला होता. एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून दहा स्टॉप म्हणजे प्रकाश १०२४ पटींनी कमी, त्यामुळे फिल्टरशिवाय १/३० येत असेल तर फिल्टरसह साधारण ३४ सेकंद लागतात. सहा स्टॉपच्या फिल्टरनं हेच गणित ६४ पटींचं होतं, म्हणजे १/१५ चे चार सेकंद. पण झाडीतल्या ओढ्याला मला यातला कुठलाच लागला नाही. सावलीची वेळ, सगळ्यात कमी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता), एफ ११ (लेन्सचं लहान छिद्र) आणि पोलरायझर फिल्टर, एवढ्यात १/४ मिळून जातो. पोलरायझर प्रकाश एक ते दोन स्टॉप खातो, शिवाय ओल्या दगडांवरची चकाकी उतरवतो आणि खालचा हिरवा-तपकिरी रंग वर येतो. वेळ वाढवण्यासाठी एफ २२ वर, म्हणजे आणखी लहान छिद्रावर, जाऊ नका. विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळी फ्रेमच मऊ पडते. काळा फिल्टर लावायचाच असेल तर फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची काच) असेल तर तो झाका, कारण लांब एक्स्पोजरमध्ये तिथून आत शिरलेला प्रकाश फोटोत उतरू शकतो.

याच चर्चेत एका मुलीनं विचारलेला प्रश्न मला महिन्यातला सगळ्यात चांगला वाटला: दुसऱ्या फोटोत पाणी वाहतंय हे आपल्याला दिसतं कशामुळे? उत्तर काकांच्याच फ्रेममध्ये होतं. मधला खडक अगदी शार्प आहे म्हणून. तो खडक बोटानं झाकून पाहिला तर उरतात त्या पांढऱ्या रेघा. हलणारं दाखवायचं तर फ्रेममध्ये काहीतरी ठाम उभं लागतं, आणि नेमकं काय उभं ठेवायचं ते आपण ठरवायचं. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लुई दागेरनं १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्लचा जो फोटो घेतला, त्यात वर्दळीचा रस्ता रिकामा दिसतो. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं, त्यात चालती माणसं आणि गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस तेवढा राहिला. तो फोटो मी कितीदा तरी पाहिला होता, पण या महिन्यात तो मला लांब एक्स्पोजरचा सगळ्यात स्पष्ट धडा वाटला.

मग पॅनिंग, म्हणजे पळणाऱ्या विषयाबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं. इथे सगळं उलटं होतं: पळणारा ठाम आणि जग धावतं. सायकलस्वारासाठी आमच्यापैकी बहुतेकांनी १/३० ते १/६० वापरला होता. वेगवान सायकल असेल तर १/६० लाही मागचं दृश्य छान ओढलं जातं. रमतगमत जाणाऱ्याला १/३० च्या खाली यावं लागतं. पाय रोवून उभं राहायचं, वळायचं कमरेतून, सायकल यायच्या आधीपासून तिच्याबरोबर फिरायला सुरुवात करायची आणि शटर मिटल्यावरही फिरत राहायचं. लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनला (हलावा रोखणाऱ्या सोयीला) पॅनिंगची वेगळी सेटिंग असेल तर ती लावा, म्हणजे फक्त उभा हलावा रोखला जातो. दोघांच्या फोटोंत स्वाराचा चेहरा शार्प आणि मागचं चाक पुसट आलं होतं, तर कुणी त्याला दोष म्हटलं. मला तो दोष वाटत नाही. सायकल समोरून जाताना तिचा आपल्याशी होणारा कोन सतत बदलतो, त्यामुळे पुढचं आणि मागचं टोक फ्रेममध्ये सारख्या वेगानं सरकत नाही. चेहरा मिळाला की फोटो मिळाला. एका दादाच्या फोटोत मात्र सायकल पूर्ण शार्प असूनही ती स्टँडवर उभी केल्यासारखी दिसत होती, कारण मागे होतं नुसतं मोकळं आकाश. ओढले जायला मागे झाडं, कठडा, खिडक्या, काहीतरी हवंच.

झोक्याचा फोटो माझा सगळ्यात लाडका. एका ताईंनी झोका अगदी वरच्या टोकाला असताना मुलगी टिपली आहे, १/१२५ सेकंदाला. मोकळ्या केसांची टोकं किंचित हललेली, बाकी सगळं स्वच्छ. इतक्या सावकाश शटरला हे कसं जमलं, असं सगळ्यांनी विचारलं. टोकाला झोक्याचा वेग क्षणभर शून्य होतो, म्हणून. वर फेकलेला चेंडू, उडी मारणारा खेळाडू, गिरकी संपवून थबकलेली नर्तकी, सगळ्यांना असा एक क्षण असतो. प्रकाश कमी असेल तर आयएसओ वाढवण्याआधी तो क्षण शोधावा, असं माझं मत आहे. त्यासाठी आधी कॅमेरा खाली ठेवून चार झोके नुसते बघावे लागतात, आणि ताईंनी तेच केलं होतं.

पक्ष्यांच्या फोटोंवर वाद रंगला. बगळ्यासारख्या मोठ्या, संथ पंखांच्या पक्ष्याला १/१००० ते १/१६०० पुरतो. लहान, झपाट्यानं पंख मारणाऱ्याला १/२५०० च्या पुढे जावं लागतं. पण सगळंच गोठवायचं का? पंखांची टोकं धूसर हवीत, असं काहींचं म्हणणं. माझा कल त्यांच्याकडे आहे, फक्त डोळा शार्प हवा. तरी गोठवण्याचं मोल मी कमी मानत नाही. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजनं ओळीनं १२ कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले, तेव्हा कळलं की चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली आलेले असताना. चित्रकार तोवर पाय पुढे-मागे ताणलेला घोडा काढत आले होते. डोळ्याला जे पकडताच येत नाही ते दाखवणारा १/२५०० मला म्हणूनच हवा असतो.

आकड्याच्या अटीनं एकदा सगळ्यांना चकवलं. पाण्यात पडलेल्या थेंबाचा मुकुट कडेपर्यंत शार्प, आणि खाली लिहिलं होतं १/२००. फोटो अंधाऱ्या खोलीत काढलेला होता. शटर उघडं असताना उजेड आला तो फक्त फ्लॅशचा, आणि फ्लॅशची ताकद अगदी कमी ठेवली की त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी लहान असतो. खरं शटर तोच. वेगवान फ्लॅशच्या फोटोंसाठी ओळखले जाणारे हॅरॉल्ड एजर्टन यांचा १९५७ चा दुधाच्या थेंबाचा मुकुट याच तत्त्वावर टिपलेला आहे. आता फ्लॅश वापरला तर त्याची ताकदही लिहायची असं ठरलं आहे.

घरातल्या फोटोंवर आडवे पट्टे आल्याची तक्रार दोघांची होती. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीनं वाचतं, म्हणून पट्टे. १/५० किंवा १/१०० घ्या. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. त्याच ओळीओळीच्या वाचनामुळे फिरत्या पंख्याची पाती वाकडी येतात आणि धावती गाडी तिरकी दिसते. तिथे मेकॅनिकल शटर, म्हणजे खरोखर सरकणाऱ्या पडद्याचं, लावा.

माझ्या यादीत आता आहे सावकाश शटर आणि रिअर कर्टन फ्लॅश. एक्स्पोजर संपता संपता फ्लॅश पडतो, त्यामुळे हालचालीची रेघ माणसाच्या मागे राहते. घरातल्या घरात १/८ ला सुरुवात केली आहे. हात-पाय छान ओढले जातायत, पण खोलीतला दिवा प्रखर असला की चेहऱ्यावरही सावट येतं. पुढची पायरी म्हणजे चेहऱ्यामागे गडद पडदा आणि दिवा फक्त बाजूनं. पुढच्या महिन्यासाठी मी असं सुचवलं आहे: एकच विषय, दोन वेगळे शटरस्पीड, दोन्ही फोटो शेजारी शेजारी, आणि त्यातला कुठला ठेवाल ते एका ओळीत. काकांनी ओढ्यासाठी लगेच होकार दिला आहे, आणि ते ३० सेकंदवालाच ठेवणार आहेत.