तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जुन्या गाड्या घेऊन आम्ही जातो कुठे?

पुण्याहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला की ती विचारते. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या वहिनी विचारतात. "रविवार आला की त्या जुनाट गाड्या घेऊन तुम्ही जाता तरी कुठे? आणि करता काय तिथे?" विचारण्यात थोडी कीव असते, म्हणजे यांना एवढ्या वर्षांत एक बरी गाडी घेता आली नाही की काय! बरी गाडी आहे. ती सोमवार ते शनिवार राबते. रविवारची वेगळी.

आम्ही इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. नवरा पिंपरीची नोकरी सोडून इथे जग्वार लँड रोव्हरमध्ये आला आणि आम्ही इथलेच झालो. आमचा क्लब वॉरिकशरमधला, लहानसा, फक्त ब्रिटिश बनावटीच्या जुन्या गाड्यांचा. आमची गाडी १९६५ची ट्रायम्फ हेरल्ड. तर तुमच्या प्रश्नाचं छोटं उत्तर: चहा प्यायला. घरून निघायचं, आडरस्त्यांनी चाळीसेक मैल फिरायचं, कुठल्या तरी कुरणात किंवा पबच्या मागच्या अंगणात गाड्या ओळीने लावायच्या, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, चहा प्यायचा, घरी यायचं. एवढं ऐकलं की आत्या "बरं" म्हणते आणि विषय बदलते. म्हणून लांबलचक उत्तर लिहायला घेतलंय.

हिवाळ्यात आम्ही कुठेच जात नाही. इथे बर्फ पडायच्या आधी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि जुन्या पत्र्याला मिठाइतका दुसरा वैरी नाही. नोव्हेंबरात गाड्या गॅरेजमध्ये जातात, बॅटरीला चार्जर लागतो, वर जुनी चादर पडते. मग महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सगळे पबच्या मागच्या खोलीत जमतात. याला इथे 'नॉगिन अँड नॅटर' म्हणतात: एक पेला घ्यायचा आणि बडबड करायची. अर्धा पाइंट बिअरवर तीन तास काढणारी माणसं मी तिथेच पाहिली. बोलणं काय, तर कुणाला सायलेन्सर कुठे मिळाला, गिअरबॉक्सचं ऑइल कुणी कुठलं घातलं, आणि कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे. सरासरी वय सत्तरीच्या आसपास असल्यामुळे गुडघे आणि गिअरबॉक्स यांची चर्चा एकाच वाक्यात होऊ शकते.

खरं वर्ष सुरू होतं एप्रिलच्या शेवटाकडे, 'ड्राइव्ह इट डे'च्या रविवारी. त्या दिवशी देशभरातले क्लब आपापल्या गाड्या मुद्दाम रस्त्यावर आणतात. निमित्त १९०० सालच्या हजार मैलांच्या फेरीचं. २३ एप्रिलला लंडनहून निघून मोटारी एडिनबरापर्यंत गेल्या आणि परत आल्या. तोवर गावोगावच्या बहुतेक लोकांनी मोटार पाहिलेलीच नव्हती. ही वस्तू खरंच चालते आणि इतकी लांब जाते, हे दाखवायला ती फेरी होती. आज आम्ही निघतो तेव्हा दाखवायचं तेच असतं, फक्त "अजूनही" हा शब्द वाढलाय. फाटकाशी आजोबा नातवाला घेऊन उभे असतात, हात हलवतात, आणि आम्ही हॉर्न वाजवतो. पुण्यात हॉर्न वाजवायचं एवढं सुख कधी मिळालं नव्हतं.

मे ते सप्टेंबर मग फेऱ्याच फेऱ्या. कुणीतरी एक जोडपं रस्ता आखतं आणि सगळ्यांना रोडबुक वाटतं. रोडबुक म्हणजे दोनचार पानं, त्यात प्रत्येक वळणाची चिमुकली आकृती: खाली गोळा म्हणजे तुम्ही आलात ती बाजू, वर बाण म्हणजे जायची बाजू, शेजारी मैल. मोबाइलचा नकाशा वापरणं नियमाविरुद्ध नाही, पण वापरताना कुणी पाहिलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. वाचायचं काम शेजारच्या सीटवरच्याचं, म्हणजे बहुतेक वेळा बायकोचं. एरवी एकमेकांना "डार्लिंग" म्हणणारी जोडपी फॉसवेसारख्या सरळसोट रोमन रस्त्यावरही कशी भांडू शकतात, ते खिडक्या उघड्या असल्यामुळे मागच्या गाडीला छान ऐकू येतं. खजिनाशोध असला तर त्यात प्रश्नांची भर: चर्चच्या कमानीवर कोणतं साल कोरलंय, पबच्या पाटीवरचा कोल्हा कुठे बघतोय, असले. केनिलवर्थच्या किल्ल्यापाशी रस्ता सरळ ओढ्यातून जातो. पाणी थोडं असलं तर सगळे हौसेने त्यातून जातात आणि पलीकडे दोन गाड्या डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना वीज वाटणारा डबा, ओला झाला म्हणून बंद पडतात. मग झाकण काढून फडक्याने पुसायचं, परत लावायचं. त्यासाठी डिकीत फडकं असतंच.

वाटेत गाडी बंद पडली तर काय, हा तुमचा दुसरा आवडता प्रश्न. तर ऐका, तोच आमचा खरा करमणुकीचा कार्यक्रम. ताफ्याच्या शेवटी एक गाडी मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यात पाने, प्लग, पट्टे, वायरी आणि एक अतिशय शांत गृहस्थ असतात. गेल्या उन्हाळ्यात, इथल्या मानाने भयंकर उकाड्याच्या दिवशी, आमची हेरल्ड बर्टन डॅसेटच्या टेकडीवर चढता चढता आचके देऊन थांबली. पाच मिनिटांत सहा जण जमले आणि सात निदानं झाली. कुणी म्हणे कंडेन्सर, कुणी म्हणे पॉइंट. शांत गृहस्थांनी पेट्रोलच्या पाइपाला हात लावला, "उकळतंय" एवढं म्हणाले, आणि खिशातून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे काढून पाइपावर ओळीने लावले. लाकडामुळे पाइप थंड राहतो म्हणे. भौतिकशास्त्र शिकलेल्या माझ्या नवऱ्याचा यावर विश्वास नाही. त्याच्या मते तेवढ्या वेळात इंजिन आपोआप निवलं. पण चिमटे अजून पाइपावर आहेत आणि काढायची त्याची हिंमत नाही.

आता मुद्द्याचं. इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर मला सगळ्यात जड काय गेलं असेल तर कुणाच्या घरी सहज न जाता येणं. साताऱ्याला आमच्या आळीत चारची वेळ झाली की कुणीही कुणाकडे टपकायचं. इथे शेजारी भला, कचऱ्याचा डबा आपणहून आत आणून ठेवणारा, पण उंबरा ओलांडायचा तर आधी तारीख ठरते. ओळख नसलेल्या माणसाशी बोलायचं तर हवामान सोडून दुसरं दार नाही. जुनी गाडी हे ते दुसरं दार निघालं. बॉनेट उघडून ठेवलं की समजायचं, ओट्यावर बसलेत, या. कुणीही येतं, आत डोकावतं, "हा रेडिएटर मूळचा का हो?" असं विचारतं. नाव-गाव नंतर. कित्येकदा तेही नाही.

हेरल्डचं तर उघडणंही ऐसपैस. मडगार्डांसकट सबंध पुढचं तोंड एका झटक्यात पुढे कलंडतं आणि इंजिन, चाकं, स्टीअरिंगचे दांडे सगळं उघडं पडतं. चाकावर बूड टेकून निवांत काम करता येतं. असं का केलं, हेही मला अशाच एका डोकावणाऱ्याकडून कळलं. १९५३ साली ट्रायम्फला बॉड्या पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. सबंध बॉडी एका जागी कोण करून देणार? मग वेगळी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घेतली, ठिकठिकाणी पत्र्याचे भाग बनवून घेतले आणि कॉव्हेंट्रीच्या कॅनलीतल्या कारखान्यात बोल्टांनी जोडले. आराखडा मिकेलोटी या इटालियनाचा, आणि गाडी बाजारात आली १९५९ला.

हे सांगणारे गृहस्थ सोळाव्या वर्षी कॅनलीला शिकाऊ म्हणून लागले होते. त्यांना म्हटलं, माझ्या वडिलांकडे हीच गाडी होती, पण तिच्यावर 'स्टँडर्ड हेरल्ड' लिहिलेलं असायचं आणि ती मद्रासला बनायची. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मद्रास! त्या पेट्या मी भरल्यात." सुरुवातीला सुटे भाग लाकडी खोक्यांतून तिकडे जात. भारतात पुढे तिला चार दारं बसवली, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मी फोनवर वडिलांचा फोटो दाखवला: कासच्या वाटेवर, टपावर होल्डॉल बांधलेली, दारात आम्ही भावंडं. त्यांनी फोटो मोठा करून आधी मागचं दार बघितलं, बिजागऱ्या बघितल्या, मग आम्हाला. "चांगलं बसवलंय," म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच दाद.

असे लोक या क्लबात बरेच. कुणी जग्वारच्या ब्राउन्स लेनमध्ये होतं, कुणी मॅसी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरवर. ते कारखाने गेले. काहींच्या जागी घरं झाली. नवऱ्याला ते "टाटांचा माणूस" म्हणतात आणि २००८ साली टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हापासून आमचे मालक तुम्हीच, असं म्हणत त्याच्याकडून बिअर उकळतात. त्याला ते आवडतं. मला वाटतं त्यांनाही, पण तसं ते कबूल करणार नाहीत.

खाण्यापिण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बेकनचा पाव, स्कोन, व्हिक्टोरिया स्पंज केक. शाकाहारी माणसाने डबा न्यावा. मी चिवडा नेते. त्याला सगळे 'बॉम्बे मिक्स' म्हणतात, आणि त्यात शेंगदाणे कमी असले तर तक्रार करतात.

क्लबात सगळं गोडीगुलाबीचं असतं असं मात्र समजू नका. वार्षिक सभेला या एकदा. नवी माणसं येत नाहीत, म्हणून दरवर्षी एक ठराव येतो की माझ्दा एमएक्स-फाइव्हवाल्यांना घ्यावं. गाडी जपानी, १९८९ची, पण घाट सगळा जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचा, आणि पावसात सुरू होणारी. याच शेवटच्या गुणामुळे ती ब्रिटिश नाही, असं खजिनदारांचं म्हणणं. मग वाद पेटतो. मिनी जर्मनांची, एमजी चिन्यांची, जग्वार भारतीयांची, तर ब्रिटिश म्हणायचं कशाला? मॉरिस मायनरवाल्या बाईंची गाडी ट्रॅव्हलर आहे, मागच्या भागाला अ‍ॅश लाकडाची चौकट असलेली, आणि त्या चौकटीला त्या दर वसंतात स्वतः वॉर्निश लावतात. त्या उठून म्हणाल्या, "माझ्या लाकडात शेवाळ उगवतं. हे ब्रिटिश." ठराव पडला. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला होता. दहा वर्षांनी फेरीला चारच गाड्या उरल्या तर भांडायचं तरी कुणाशी?

खर्चाचं म्हणाल तर क्लबची वर्गणी बाहेरच्या एका जेवणापेक्षा कमी. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य आहे, आणि २०१८पासून वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, अर्थात आम्ही ती करूनच घेतो. विमाही स्वस्त, कारण वर्षाकाठी ठरावीक मैलांपलीकडे चालवायची नाही असं त्यात असतं. महाग आहे ते पेट्रोल. २०२१पासून इथलं साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं, ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, म्हणून महागातलं भरायचं. बाकी पैसा जातो तो "एवढंच एक काम करून घेऊ" या वाक्यात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो आत्या दर वेळी कॉल ठेवता ठेवता विचारते: "आम्ही आलो तर आम्हाला नेशील का गं?" नेईन की. जूनमध्ये या. स्वेटर आणा, कारण हीटर आहे पण त्याच्यावर विसंबू नका. चालताना बोलायचं असेल तर ओरडून बोलावं लागेल. मागच्या सीटला पट्टे नाहीत. मोठ्यांना चालतं, पण तीन वर्षांखालच्या मुलाला पट्टे नसलेल्या गाडीत बसवायला इथल्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा चिनूच्या बाळाला घेऊन येणार असाल तर तुम्हा दोघांपैकी एकाला त्याच्याबरोबर बसने यावं लागेल. कुणी, ते तिकडूनच ठरवून या.